वेढा आणि मात्रा

गेल्या महिन्यांत या सदरांत आम्हीं घरच्या सहाणेविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्या लिहितात कीं, त्यांच्या घरीं सासूबाईंच्या वेळचा काष्ठौषधींचा डबा अजून जपून ठेवलेला आहे, आणि झाडपाल्याच्या औषधाचा गुण आला तर येतो पण अपाय मात्र कधीं होत नाहीं, असें त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. तर हें कितपत खरें, याचा खुलासा आम्हीं करावा. प्रश्न लहान आहे. परंतु त्याचें उत्तर देण्यास आमच्याइतका अधिकारी मनुष्य दुसरा सांपडणें कठीण. कारण तें वाक्य आम्हीहि आयुष्यभर म्हणत आलों, आणि त्याचें प्रायश्चित्त आमच्या घरांतील एका वडीलधाऱ्या माणसास भोगावें लागलें. ती हकीकत सांगितल्यावांचून आमचें उत्तर प्रामाणिक व्हावयाचें नाहीं, म्हणून प्रथम तीच सांगतों.

आमच्या वहिनी आज चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. थोरल्या बंधूंशीं लग्न होऊन त्या या घरांत आल्या, तेव्हां आम्ही शाळकरी पोर होतों. आमच्या संस्कृताचें त्यांना तेव्हांपासून कौतुक. चार वर्षांपूर्वींची गोष्ट. रक्तदाबाची गोळी त्या कित्येक वर्षें नेमानें घेत होत्या. एके दिवशीं दुपारीं त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या ग्रंथांत यावर कांहीं नाहीं का हो? या गोळ्या गिळून गिळून जीव विटला."

चाळीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेल्या माणसास कोणी औषध विचारावें, याहून मोठा मान तो कोणता? आम्हीं त्याच रात्रीं पुस्तकें काढलीं. सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो, एवढें वाक्य आमच्या दृष्टीस पडलें आणि आमचें वाचन तेथेंच संपलें. दुसऱ्या दिवशीं काष्ठौषधींच्या दुकानीं गेलों. दुकानदार शहाणा होता. "वैद्यांची चिठ्ठी आहे का?" असें त्यानें विचारलें. आम्हीं उत्तर दिलें कीं, आम्ही स्वतःच वाचून आलों आहों! पुडी घरीं आली. मात्रा किती, हें पुडीवर लिहिलेलें नव्हतें आणि आम्हीं कोठें पाहिलेंहि नव्हतें. सितोपलादि चूर्ण आपण अर्धा चमचा घेतों, म्हणून हेंहि अर्धा चमचा, रात्रीं दुधाबरोबर, असें आम्हीं ठरवून टाकलें. गोळी चालूच होती. चूर्ण तिच्या भरीला.

आठवड्याभरांत वहिनींचें नाक चोंदलें. घरांत सर्वांनीं त्यास पडसें म्हटलें. पुढें दिवसाहि त्यांना पेंग येऊं लागली. त्यास आम्हीं वय म्हटलें. पहाटे उठून भूपाळी म्हणण्याचा त्यांचा पन्नास वर्षांचा परिपाठ बंद पडला. पानांत वाढलेलें तसेंच राहूं लागलें. सुना जवळ बसून बोलल्या तर त्या नुसतें ऐकत. एका संध्याकाळीं ओटीवर आम्ही वाचीत बसलों असतांना त्या शेजारीं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आतां सगळं पुरे झालंसं वाटतं." आम्हीं, "असें म्हणूं नये, वहिनी," एवढें बोलून पुन्हां पुस्तकांत डोकें घातलें. त्या वेळीं काय वाचीत होतों तें आज आठवत नाहीं. त्यांचें वाक्य मात्र विसरतां येत नाहीं.

दोन दिवसांनीं देवघरापाशीं त्यांना घेरी आली आणि त्या पडल्या. सुदैवानें हाड मोडलें नाहीं. आमच्या पेठेंतील डॉक्टरीणबाई धांवून आल्या. त्या एके काळच्या आमच्याच विद्यार्थिनी. रक्तदाब फार खालीं गेला होता, नाडीहि मंद होती. "गुरुजी, गोळीखेरीज आणखी कांहीं घेतात का?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं ठामपणें "नाहीं" म्हणून सांगितलें. लबाडी करावयाची म्हणून नव्हे. चूर्ण हें 'कांहीं' असतें, हेंच मुळीं आमच्या मनांत आलें नाहीं. तेवढ्यांत वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजींचं चूर्ण तेवढं घेतें."

बाईंनीं पुडी मागविली, चमचा मागविला, आणि आमच्या अर्ध्या चमच्याइतकें चूर्ण शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तोलून आणविलें. तें भरलें दीड ग्रॅम. मग त्यांनीं कागद घेऊन आमच्यापुढें जें गणित मांडलें, तें असें. सर्पगंधेच्या वाळलेल्या मुळांत रेसर्पिन नांवाचें द्रव्य साधारणपणें हजार भागांत एक ते दीड भाग असतें. म्हणजे आमच्या अर्ध्या चमच्यांत तें दीड ते सव्वादोन मिलिग्रॅम झालें. रक्तदाबासाठीं डॉक्टर ज्या वेळीं तें द्रव्य देत, त्या वेळीं रोजची नित्याची मात्रा एका मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शापासून चौथ्या हिश्शापर्यंत असे. हिशेब ढोबळ खरा. तरी त्यांतल्या मोठ्या मात्रेच्या सहापट ते नऊपट आम्ही वहिनींना रोज दुधांतून पाजीत होतों. पाव मिलिग्रॅमच्या हिशेबानें एक ग्रॅम रेसर्पिन एका माणसास चार हजार दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षें पुरेल, हें लक्षांत घेतलें म्हणजे चमचा हें माप येथें किती आडदांड आहे तें कळून येईल.

त्या रात्रीं आम्ही पुन्हां वाचावयास बसलों. या खेपेस पंडित म्हणून नव्हे, अपराधी म्हणून. जें वाचलें त्यांतील सार वाचकांपुढें ठेवतों, कारण या एका मुळीच्या इतिहासांत भगिनींच्या प्रश्नाचें सगळें उत्तर आहे.

सर्पगंधा हें हातभर उंचीचें झुडूप. पांढरींगुलाबी फुलें, जांभळटकाळीं फळें, आणि कडू मूळ. युरोपीय शास्त्रज्ञांनीं त्याच्या वंशास रौवुल्फिया असें नांव दिलें तें सोळाव्या शतकांतील लिओनहार्ड रौवुल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ. आणि मौज अशी कीं, त्या गृहस्थांनीं पश्चिम आशियांत पुष्कळ प्रवास केला, पण हिंदुस्थानांत त्यांचें पाऊल कधीं पडलें नाहीं. आपल्याकडे सर्पदंशावर आणि चित्तभ्रमावर ही मुळी पूर्वापार देत. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' असेंच म्हणत. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या पोर्तुगीज ग्रंथांत सर्पदंशावरील जीं लांकडें वर्णिलीं आहेत, त्यांतील एक सर्पगंधेचें असावें, असें अभ्यासक मानतात.

म्हणजे ज्ञान जुनें होतें. पण त्यांत 'कोणास, किती आणि किती दिवस' याचा सर्वांस पडताळून पाहतां येईल असा लेख नव्हता. तें काम विसाव्या शतकांत झालें, आणि त्याचा आरंभ आपल्याच लोकांनीं केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९३१ सालीं दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयांत सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनीं या मुळांतून शुद्ध अल्कलॉइडें वेगळीं काढलीं आणि त्यांतील एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलिन असें नांव दिलें. हृदयाच्या तालाशीं त्या द्रव्याचा संबंध पुढें दिसून आला. त्याच वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं ही मुळी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर उपयोगी पडते, असें लिहून प्रसिद्ध केलें. पुढें मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं पन्नास रोग्यांना ती देऊन, रक्तदाब मोजून, टिपणें ठेवून १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकांत आपला निबंध छापला. त्या निबंधानें जगाचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनीं तिच्यांतील मुख्य गुणकारी द्रव्य, म्हणजे रेसर्पिन, हातीं घेतलें. १९५६ सालीं अमेरिकेंत वुडवर्ड यांनीं तें मुळीवांचून, प्रयोगशाळेंत घडवून दाखविलें. १९५७ सालीं डॉ. वकील यांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

येथपर्यंतची कथा आपण सभेंत सांगतों आणि टाळ्या घेतों. पण कथा येथें संपत नाहीं. रेसर्पिन जसजसें पुष्कळांच्या पोटांत जाऊं लागलें, तसतसे डॉक्टरांस दुसरेहि कांहीं प्रकार दिसूं लागले. नाक चोंदणें, पेंग, मंद नाडी. आणि कांहीं रोग्यांत खोल विषण्णता, जगण्याचा वीट. हा शेवटला परिणाम किती जणांत होतो, याविषयीं पुढें तज्ज्ञांत मतभेद झाले. तरी मोठ्या मात्रेंत आणि पूर्वीं विषण्णतेचा विकार होऊन गेलेल्या माणसांत फार जपावें, हा इशारा कायम राहिला. आम्ही तें पान वाचलें, आणि ओटीवरची ती संध्याकाळ डोळ्यांपुढें उभी राहिली. वहिनींचें तें वाक्य वयाचें नव्हतें, वैराग्याचेंहि नव्हतें. तें आमच्या अर्ध्या चमच्याचें असावें, असें मानण्यावांचून आम्हांस गत्यंतर नव्हतें.

असें कां व्हावें? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशीं सूक्ष्म कोठ्या असतात. नॉरअॅड्रेनालिन, डोपामिन, सेरोटोनिन अशीं द्रव्यें त्यांत साठवून ठेवलेलीं असतात आणि वेळ येईल तशीं तीं निरोप्यासारखीं पुढें जातात. रेसर्पिन या कोठ्यांत माल भरणारें दार बंद करतें. मग बाहेर उरलेला माल नासून जातो आणि कोठी रिती पडते. रक्तवाहिन्यांस ताणून धरणारा निरोप्या उणा झाला म्हणजे त्या सैल पडतात व रक्तदाब उतरतो, हा गुण. परंतु तशाच कोठ्या मेंदूंतहि आहेत. मनास उभारी देणारा निरोप्याहि उणा होतो, हा अपाय. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, गुण आणि अपाय हीं येथें दोन निराळ्या द्रव्यांचीं कामें नव्हत. द्रव्य एकच, काम एकच. कोठें आणि किती, एवढाच फरक. रित्या झालेल्या कोठ्या भरावयास वेळ लागतो. त्यामुळें चूर्ण बंद केल्यावरहि वहिनींचा चेहरा उजळावयास कांहीं आठवडे लागले.

या अपायांतूनच पुढें एक मोठा उपकार निघाला, तोहि सांगितला पाहिजे. १९५७ सालीं स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनीं सशांना रेसर्पिन देऊन निश्चेष्ट केलें, आणि मग लेव्होडोपा नांवाचें द्रव्य टोंचतांच ते ससे पुन्हां हालूंचालूं लागले. शरीरांत या लेव्होडोपापासूनच डोपामिन बनतें. यावरून कंपवाताच्या विकारांत मेंदूंतील डोपामिन उणें पडतें, या शोधाची वाट उघडली, आणि १९६७ सालीं कोत्झियास यांनीं लेव्होडोपाच्या वाढत्या मात्रांनीं कंपवाताच्या रोग्यांना आराम पाडून दाखविला. कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आतां हें लेव्होडोपा वनस्पतींत कोठें असतें? पावसाळ्याच्या अखेरीस रानांत जिच्या शेंगेचा स्पर्श झाला तर माणूस अंग खाजवून हैराण होतो, त्या आपल्या खाजकुइलीच्या बियांत! तिलाच संस्कृतांत आत्मगुप्ता किंवा कपिकच्छू म्हणतात. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनीं १९३७ सालीं त्या बियांतून तें वेगळें काढलें होतें. एका रानवेलीनें द्यावें आणि दुसऱ्या झुडपानें काढून घ्यावें, असा हा निसर्गाचा जमाखर्च आहे. परंतु खाजकुइलीचें चूर्णहि चमच्यानें घ्यावयाची वस्तु नव्हे, हें आतां निराळें सांगावयास नको.

संस्कृतांत 'मात्रा' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. ह्रस्व स्वरास एक मात्रा, दीर्घास दोन. एक मात्रा चुकली तर वृत्त मोडतें. मराठींत तर आपण औषधालाच मात्रा म्हणूं लागलों. मापाचें नांव वस्तूस मिळालें, याचा अर्थ आपल्या पूर्वजांच्या लेखीं मापावांचून औषध नव्हतेंच. विष आणि औषध यांतील अंतर वस्तूंत नसून योजनेंत आहे, हा विचार चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायांत आला आहे. शब्द आम्हांस ठाऊक होता, व्युत्पत्तीहि ठाऊक होती. अर्थ तेवढा सोनाराच्या काट्यावर कळला.

आणि आमच्या आईस तर तो न शिकतां ठाऊक होता. घरांत गुटी उगाळावयाची तेव्हां ती सहाणेवर वेढे मोजी. हळकुंडाचे इतके, मायफळाचा एकच, वेखंडाचा अर्धा. आम्ही मध्येंच कांहीं विचारलें तर ती बोट वर करून गप्प बसवी, कारण वेढा चुकला असता. (तान्ह्या मुलास पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज कांहीं देऊं नये, असें आज डॉक्टर सांगतात, आणि तें मानावें. आमचें बोलणें मोजण्याच्या संवयीविषयीं आहे.) आपण आईचा डबा संभाळला आणि तिचे वेढे विसरलों. वनस्पतींविषयींचा आपला भक्तिभाव कायम आहे; मोजणारें बोट मात्र गेलें. उलट पक्षीं, 'हें सारें जुनाट, यांत कांहीं नाहीं' असें म्हणणारे तरुणहि मोजीत नाहींतच. डॉ. वकील यांनीं त्यांच्यासारखें नाक मुरडलें असतें तर तो निबंध जन्मास आला नसता. आणि आमच्यासारखे डोळे मिटून हात जोडले असते तरीहि आला नसता.

आतां गृहस्थाश्रमी वाचकांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. डॉक्टरांची औषधें चालू असतांना कोणतेंहि चूर्ण, काढा किंवा वटी सुरू करावयाची असेल तर त्यांना आधीं सांगावें. आणि डॉक्टरांनीं 'आणखी कांहीं घेतां का?' असें विचारलें तर झाडपाला त्या 'कांहीं'मध्यें धरावा. रक्तदाबाची चालू गोळी आपल्या मनानें सोडूं नये. काष्ठौषध घ्यावयाचें तें वैद्यांच्या सल्ल्यानें आणि तोलून घ्यावें. कारण मुळाच्या सालींत द्रव्य अधिक, आंतल्या लांकडांत कमी, आणि एका रानचें मूळ दुसऱ्या रानच्या मुळासारखें नसतें. बाजारांत सर्पगंधेच्या नांवाखालीं तिच्या जातभाईंचीं मुळेंहि मिसळून येतात. शिवाय फार उपशामुळें हें झुडूप रानांतून इतकें उणें झालें आहे कीं, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून निर्बंध आहेत. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरांतील वडील माणूस एकाएकीं अबोल झालें, तर त्यास 'वय झालें' म्हणून सोडून देऊं नये. आधीं त्याच्या उशाशीं काय काय ठेवलें आहे तें पाहावें, आणि त्याहून आधीं त्याचें बोलणें ऐकून घ्यावें.

वहिनींनीं आम्हांस कधीं बोल लावला नाहीं. भूपाळी पुन्हां ऐकूं येऊं लागली त्या पहाटे आम्ही अंथरुणांतच उठून बसलों आणि ती संपेपर्यंत हाललों नाहीं. त्यांचें कपाट आतां त्यांनीं स्वतःच्या ताब्यांत घेतलें आहे. आंत एक वही आहे; गोळी, काढा, चूर्ण, जें पोटांत जाईल तें तींत लिहिलें जातें. मागें एकदां पोट जड झालें म्हणून आम्हीं सहज म्हटलें कीं, थोडा ओवा घ्यावा. वहिनींनीं चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, "थोडा म्हणजे किती, भाऊजी?"

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचें उत्तर हेंच आहे. डबा जपावा, आणि त्यांतील प्रत्येक मुळीस हा एक प्रश्न विचारावा.